उषाताईंच्या तोंडचा शब्द

हे मी मुलाला सांगितलेलं नाही, सुनेला नाही, आणि रोज सकाळी देवापुढे बसते तेव्हा त्यालाही नाही. सात वर्षं झाली. तोंडापर्यंत येतं आणि मी दुसरंच काहीतरी बोलते. भाजी काय करायची, एसी कमी कर, असलं. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगते. ओळखत असतात तर सांगितलं असतं का? नसतं.

माझं नाव पार्वती. शिक्षण चौथी. शारजाला अल नहदामध्ये मुलाकडे, संदीपकडे राहते, अकराव्या मजल्यावर. चौदाव्या मजल्यावर उषाताई राहायच्या. सांगलीच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा गेल्यावर त्यांच्या महेशने त्यांना इकडे आणलं. मलाही संदीपने तसंच आणलेलं. आम्हा दोघींचा व्हिसा मुलांच्या नावावर, दरवर्षी नवा करायचा. म्हणजे मुलगा ठेवील तोवर इथे. मुलं चांगली आहेत, पण ही गोष्ट कुठलीच म्हातारी विसरत नाही.

उषाताई माझी मैत्रीण होती. हा शब्द मी आयुष्यात दुसऱ्या कुणासाठी वापरलेला नाही. गावी जावा होत्या, शेजारणी होत्या. मैत्रीण नव्हती.

दर बुधवारी दुपारी आम्हा आठ-नऊ बायकांचं भजन त्यांच्याकडे असायचं. भजन झालं की चहा. मग हळूहळू चहानंतर सिनेमा सुरू झाला. उषाताईंना बाहेरच्या देशांतले सिनेमे आवडायचे. त्यांची नात कॉलेजात तेच शिकत होती, ती लावून द्यायची. खाली इंग्रजी अक्षरं पळतात ना, ती आमच्यातल्या बऱ्याच जणींना वाचता येत नव्हती. मला तर नाहीच. म्हणून उषाताई टीव्हीशेजारी खुर्ची टाकून बसायच्या आणि सगळं मोठ्याने मराठीत सांगायच्या.

आणि कसं सांगायच्या? 'ती म्हणते की', 'तो म्हणतो की', असं नाही. सरळ त्या माणसाचं बोलणं बोलायच्या. बाई रडली की रडक्या आवाजात, म्हातारा बोलला की खोकून. वर्गात धडा वाचायची सवय. आम्ही पोट धरून हसायचो. एकदा एका जपानी सासूचं बोलणं त्यांनी अशा ठसक्यात म्हटलं की आमची वैद्यवहिनी म्हणाली, "उषाताई, ही जपानी नव्हे, ही माझी सासू. पत्ता सांगू का?"

तर एका मंगळवारी त्यांनी मला एकटीला वर बोलावलं. म्हणाल्या, उद्या एक मेक्सिकोचा सिनेमा दाखवायचा विचार आहे, पण आधी तुम्ही बघा. तुम्हाला झेपला तर सगळ्यांना झेपेल. मेक्सिको कुठे आहे ते मला आजही नीट सांगता येणार नाही. नात तिथेच होती, पर्स शोधत. जाता जाता म्हणाली, "आजी, आय वॉर्न्ड यू. फेस्टिव्हलमध्ये अर्धे लोक स्टँडिंग क्लॅप करत होते, अर्धे वॉक आउट. ओल्ड लेडीला असं दाखवलं म्हणून."

उषाताई म्हणाल्या, "आम्ही दोघी आहोत. अर्ध्या-अर्ध्या होतो."

सिनेमात विशेष काही घडत नव्हतं. एक विधवा, साठीची. लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करून देते. घराचं छप्पर गळतं म्हणून एक माणूस दुरुस्तीला येतो, महिनाभर मागच्या खोलीत राहतो. ती मक्याची भाकरी हातावर थापते. आपल्यासारखीच, फक्त लहान. आणि थापता थापता त्या माणसाच्या पाठीकडे बघते. बस. एवढंच किती वेळ. मग एकदा ती अंघोळ करते ते दाखवलं. तिचं सगळं अंग. सुटलेलं पोट, त्यावरचे व्रण, लोंबलेल्या दंडांची कातडी. मला वाटलं, हे तर माझं अंग आहे. टीव्हीवर कुणी असलं अंग दाखवतं? मग एका दुपारी ती त्याच्या खोलीत जाते, दार लागतं. आत काय झालं ते दाखवलंच नाही. अंगणात कोंबडी दाणे टिपत राहिली.

शेवटी तिची बहीण तिला चुलीपाशी बसून विचारते, या वयात तुला झालंय तरी काय? आणि ती उत्तर देते. तिथे उषाताईंनी सिनेमा थांबवला.

"आता ह्याला मराठीत काय म्हणायचं?" त्या म्हणाल्या. "इंग्रजीत सोपं आहे हो. वासना म्हटलं तर कीर्तनकार उभे राहतात. इच्छा म्हटलं तर सत्यनारायणाची पोथी वाटते."

मी बोलून गेले. "अंगाची हौस म्हणा. माझ्या अंगाची हौस अजून फिटलेली नाही, असं म्हणा."

आता तुम्हाला दिसलं असेल मी कुठे चालले आहे ते. तो शब्द मी दिला.

कुठून आला तो? मला माहीत आहे कुठून आला. माझे यजमान दुबईला होते, रास अल खोरला गॅरेजात गाड्यांचं रंगकाम करायचे. चोवीस वर्षं. मी कोकणात सासूपाशी. दोन वर्षांनी एकदा चाळीस दिवस यायचे. आले की घर पाहुण्यांनी भरलेलं, सासू माजघरात दाराला लागून झोपायची, आणि यजमान दमलेले. मी हिशेब केला आहे. चोवीस वर्षांच्या संसारात दीड वर्षसुद्धा आम्ही एका घरात नव्हतो. कायमचे परत आले आणि वर्षात गेले. मी सेहेचाळीस वर्षांची होते. एकदा मी केसांत अबोली माळली तर सासू चारचौघींत म्हणाली, नवरा समुद्रापलीकडे आणि हिला हौस कसली? तेव्हापासून तो शब्द माझ्या पोटात होता. त्या मंगळवारी बाहेर पडला.

उषाताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पार्वतीबाई, शंभरपैकी शंभर." आणि वहीत लिहून घेतला. दाखवायच्या आधी अवघड वाक्यं त्या वहीत लिहून ठेवायच्या.

मी म्हटलं, जरा मागे घ्या. ती पुन्हा उत्तर देते तिथे. त्यांनी मागे घेतलं. आणि या खेपेला त्यांनी माझे शब्द तिच्या तोंडी घातले. मी म्हटलं, अजून एकदा. तीनदा ऐकलं मी. रडले नाही. रडायची सवय नाही मला. पण घरी आले तेव्हा मला हलकं वाटत होतं. इतकं की सुनेने विचारलं, आई, काय झालं, आज गुणगुणताय?

आणि उद्या सगळ्यांना दाखवाच, असंही मीच म्हटलं होतं. त्या कचरत होत्या. म्हणाल्या, "बायका काय म्हणतील?" मी म्हटलं, "काय म्हणतील? त्यांना काय अंगं नाहीत?"

एवढी धीट होते मी. मंगळवारी.

बुधवारी नऊ जणी होतो. अंघोळीच्या जागी दोघी उठल्या, दूध तापायला ठेवलंय म्हणाल्या. दोघींचंही दूध एकाच वेळी. आम्ही हसलो. पुढे बाकीच्या बसून बघत होत्या. मग शेवटचं ते आलं. उषाताईंनी वही बघितलीसुद्धा नाही. सरळ समोर बघून, हळू, त्या बाईच्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या अंगाची हौस अजून फिटलेली नाही."

मग आपा बोलल्या. रत्नागिरीच्या, सातव्या मजल्यावरच्या, भजन संपल्यावर चहाला यायच्या. हळूच म्हणाल्या, "खरं बोलली बाई." आणि वैद्यवहिनी उभी राहिली. तिला इंग्रजी येतं.

"ताई, तिथं असं लिहिलेलंच नाही. नुसतं डिझायर आहे. अंगाची-बिंगाची तुम्ही कुठून आणलंत?"

उषाताई हसून म्हणाल्या, "भाषांतर आहे, वहिनी."

वहिनी गेली. तिच्यामागे अजून एक. म्हणजे चौघी गेल्या, चौघी राहिल्या. आणि मी? मी पदर तोंडाला लावून बसले होते. कुठल्या बाजूची, ते कुणाला दिसत नव्हतं. मलासुद्धा नाही.

तिथेच मिटलं असतं. पण कुणीतरी मोबाईल चालू ठेवला होता. कुणी ते कधी कळलं नाही. बायकांच्या ग्रुपवर एक आवाज आला. सिनेमा नाही, चित्र नाही, मेक्सिको नाही. नुसता उषाताईंचा आवाज. माझ्या अंगाची हौस अजून फिटलेली नाही. एकोणसत्तर वर्षांची विधवा, मास्तरीण, स्वतःच्या तोंडाने बोलते आहे. ज्यांनी ऐकलं त्यांना वाटणार तरी काय?

मग ग्रुपवर दोन तट पडले. सिनेमा थोर आहे, तुम्हाला कळत नाही. थोर कसला, घाण आहे, आणि तेसुद्धा भजनाच्या खोलीत. जी सगळ्यात जास्त बोलत होती तिने तो बघितलेलाच नव्हता. बायकांकडून नवऱ्यांकडे गेलं, नवऱ्यांकडून ऑफिसात. महेशच्या ऑफिसात कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत तो आवाज त्याच्यासमोर लावला आणि म्हणाला, हबीबी, ही तुझी मदर ना?

पोराचं काय झालं असेल? मी त्याला दोष देत नाही. दोष कुणाचा ते सांगायलाच तर बसले आहे.

या सगळ्यात मी काय केलं? माझ्या सुनेने जेवताना विचारलं, आई, तुम्ही पण होतात ना तिथे? उठून का नाही आलात? आणि मी म्हटलं, गुडघे. गुडघ्यांमुळे उठता आलं नाही, नाहीतर पहिली उठले असते. माझे गुडघे दुखतात हे खरं आहे. म्हणून ते खोटं इतकं छान बसलं. सुनेने रात्री मला तेल लावून दिलं. मी पाय पसरून लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याहून वाईट केलं. ग्रुपवर लिहिता येत नाही मला, पण बटण दाबून बोलता येतं. ते बटण उषाताईंनीच शिकवलेलं. मी बोलले — जास्त शिकलेल्या बायकांना लाज कमी असते. एवढंच. अंगठा काढला आणि ते गेलं. सहा-सात जणींनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. मला बरं वाटलं. हे लपवून काय करू? बरं वाटलं.

का केलं? भीती होती, हे खरं. उषाताई कुणाला सांगतील, शब्द पार्वतीबाईंचा आहे. मग तो आवाज माझा होईल. मग संदीप, मग सून, मग व्हिसा. पण हे सांगताना मला माझंच कारण पोकळ वाटतं. कारण संदीपने तो आवाज ऐकला होता, आणि तो खांदे उडवून म्हणाला होता, "आई, त्यात एवढं काय आहे? खलास, दोन दिवसांत विसरतील." माझा मुलगा मला काही करणार नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं. मग भीती कसली होती? सासू जाऊन वीस वर्षं झाली होती.

त्या शुक्रवारी सकाळी महेश खाली आमच्याकडे आला. मागे उषाताई. त्यांनीच त्याला आणलं होतं. संदीप होता, सून होती. महेश उभाच राहिला. संदीपने बस म्हटलं तरी बसला नाही. मला म्हणाला, "काकू, आई म्हणते तुम्ही दोघींनी आदल्या दिवशी बघितला होता. आई म्हणते तो शब्द ठरवून, विचार करून निवडलेला होता, तिच्या मनातलं काही नव्हतं. तुम्ही सांगा फक्त. मी पुन्हा विचारणार नाही."

बघा, किती थोडं मागत होता. त्याला त्याच्या आईवर विश्वास ठेवायचा होता. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. शब्द माझा आहे हे म्हणायचीसुद्धा गरज नव्हती. उषाताईंनी ते त्यालाही सांगितलं नव्हतं. गुरुवार दुपारपासून तो प्रश्न विचारत होता आणि त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. ते सांगणं त्यांनी माझ्यावर सोडलं होतं.

मी म्हटलं, "मी? नाही रे बाबा. मी असलं काही आधी बघितलेलं नाही."

महेशने आईकडे बघितलं. उषाताई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. पोराला उत्तर येतं हे शिक्षकाला माहीत असतं आणि तो थांबतो ना, तशा थांबल्या. मला बोलायला वेळ दिला त्यांनी. किती दिला सांगू? पुष्कळ दिला. सुनेने चहाचा कप ठेवला, त्याचा आवाज झाला, तरी त्या थांबल्याच होत्या.

मी पुढे म्हटलं, "असला शब्द माझ्या कानांवरसुद्धा कधी आलेला नाही. शिकलेल्या माणसांचं आपल्याला काय कळतं."

मग उषाताई म्हणाल्या, "बरोबर आहे, महेश. शब्द माझाच. चल."

महेशने आरडाओरडा केला नाही. बुधवारचं भजन बंद झालं. दोन महिन्यांनी त्यांचा व्हिसा संपत होता, तो त्याने नवा केला नाही. सगळ्यांना सांगितलं की आईला सांगलीची हवा मानवते. नातीने आदळआपट केली म्हणे, इट्स जस्ट अ मूव्ही, इट्स जस्ट अ मूव्ही. तिला कुणी ऐकणार नव्हतं. ज्या नातीला त्यांनी दहा वर्षं वाढवलं, शाळेच्या बससाठी पहाटे खाली नेलं, तिला सोडून त्या गेल्या. सांगलीला घर विकलेलं होतं. पुतण्याकडे एक खोली मिळाली.

जायच्या आधी एकदा लिफ्टमध्ये भेटल्या. मी अकराव्यावर आत शिरले, त्या आत होत्याच. दोघीच. मला वाटलं आता बोलतील, आता तोंडावर मारतील. मी तयार होते. खरं सांगते, मला ते हवंच होतं. त्या म्हणाल्या, "पार्वतीबाई, एक विचारू? तुम्हाला तो सिनेमा आवडला होता ना?"

बास. एवढंच. त्यांना तेवढंच हवं होतं, बरोबर घेऊन जायला.

मी म्हटलं, "आठवत नाही हो आता."

त्यांनी मान हलवली. खाली दार उघडलं. "सांभाळा गुडघे," म्हणाल्या आणि किराण्याच्या दुकानाकडे गेल्या.

ती मान कशी हलवली त्यांनी, ते मी तुम्हाला करून दाखवू शकते. आरशापुढे मी ते करून बघितलं आहे. लाज वाटते सांगायला.

महेश अजून वरच राहतो. लिफ्टमध्ये दिसतो, "काकू, बऱ्या आहात?" म्हणतो, माझी पिशवी धरतो. अकरा मजल्यांचा वेळ असतो. एक वाक्य बोलायला अकरा मजले पुरतात. सात वर्षांत किती वेळा मिळाले असतील ते अकरा मजले? मी "बरी आहे रे" म्हणते. वैद्यवहिनी दुबईत करामाला राहायला गेली. आपा अजून मला सलाम करतात, पण बसायला येत नाहीत. त्यांना काही कळलं होतं की काय, मी विचारलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात नातीचा साखरपुडा झाला. उषाताई दहा दिवसांसाठी आल्या, पाहुण्यांच्या व्हिसावर. आम्हाला बोलावणं होतं, महेश स्वतः येऊन गेला. मी सुनेला म्हटलं, मला ताप आहे. कपाळाला हात लावून बघ म्हटलं नाही, नुसतं म्हटलं. ते दोघे गेले, जेवून आले. म्हणाले, उषाकाकू वाळल्यात फार, काठी घेऊन चालतात, तुमची चौकशी करत होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. मी माझ्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून पडलेली. काठी टेकल्याचा आवाज आला. बोलण्याचा आवाज ओळखू येईल असा राहिला नव्हता, पण मी ओळखला. सुनेला म्हणाल्या, "आज निघते रात्रीच्या विमानानं. म्हटलं त्यांना बघून जावं."

सून माझ्या दारापर्यंत आली. मी डोळे मिटून घेतले. तिने मला बघितलं, हळूच दार लोटलं, आणि बाहेर जाऊन सांगितलं, आई झोपल्यात, उठवू का?

"नको, नको," उषाताई म्हणाल्या. "झोपू दे त्यांना."

तरी त्या बसल्या. पाणी मागितलं. वीस-पंचवीस मिनिटं बसल्या असतील. मला खुर्चीचा आवाज येत होता. मग काठी टेकत दाराशी गेल्या, सुनेने लिफ्ट बोलावली, लिफ्ट आली, गेली.

मी जागी होते.